पित्त असेल

मान हलली. तिनं हलवली असं म्हणायला मन धजत नव्हतं, म्हणून ती आपल्याशी म्हणत राहिली की मान हलली. वाऱ्यानं पान हलावं तशी. डॉक्टरांनी सोनोग्राफीचं चित्र खिडकीच्या उजेडाकडे धरून सांगितलं होतं की पित्ताशयात खडे आहेत, एखाददुसरा नाही, चांगले मूठभर आहेत, आणि ती पिशवी काढून टाकलेलीच बरी. मग पेनाचं टोपण ओठांवर आपटत, सगळ्यांनाच विचारतात तशा सुरात त्यांनी विचारलं होतं, "गोळ्या कसल्या चालू आहेत? रक्तदाब, साखर, थायरॉईड, पाळीसाठी काही?" तिनं तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीवरून जावई म्हणाले, "छे हो डॉक्टर! आमच्या आईंना डोकेदुखीचीसुद्धा गोळी वर्ज्य. डोकं दुखलं तर स्वतःचाच हात कपाळावर ठेवतात. हात कसला, बर्फाची पिशवी आहे." डॉक्टर हसले, जावई हसले, आणि तिची मान हलली. आडवी हलली. नाही, कसल्याच नाहीत. "उत्तम," डॉक्टर म्हणाले, "मग अडचण नाही. भूलवाल्या मॅडमशी बोलून दिवस ठरवतो, तोवर बाहेर बसा."

बाहेर म्हणजे एका ओळीत जमिनीला बोल्टनं पक्क्या केलेल्या खुर्च्या, समोर पाण्याचं यंत्र, आणि वरच्या बाजूला बंद असलेली एक लांबट खिडकी. जावयांनी आधी तिला बसवलं, तिची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली, गळ्यातला मफलर नीट केला आणि फोन लावला. पलीकडे तिची मुलगी होती. ती शिकवते त्या शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून तिला येता आलं नव्हतं. "हो गं, खडेच आहेत. नाही, घाबरल्याबिबरल्या नाहीत, आई कधी घाबरतात का? मी काय म्हणतो, तुझ्या आईनं आयुष्यात कुणाच्या नावानं खडे फोडले नाहीत ना, म्हणून सगळे आत साठले." फोनमधून मुलीचं हसू तिच्यापर्यंत आलं. तीही हसली. हसताना उजव्या बरगडीखाली काहीतरी ओढल्यासारखं झालं, आणि तिला वाटलं, देवा, या माणसानं मला एवढं चांगलं समजू नये. वाईट समजला असता तर आज किती सोपं झालं असतं. कधी काळी एका कीर्तनात बुवा म्हणाले होते की जिभेभोवती देवानं दातांचा पहारा बसवला, पण मान मोकळी सोडली; म्हणून माणूस बोलून जेवढं खोटं करतो त्याहून जास्त मान डोलावून करतो. तेव्हा सगळी बैठक हसून डोलली होती. तीही डोलली होती. मानेनंच.

गार हात. त्याच्यावरच तर सगळं उभं होतं. बेकरीत तिची जागा मागच्या खोलीत, भट्टीपासून सगळ्यांत लांब, संगमरवरी ओट्याशी. पिठाच्या पोळीत बटरचा चौकोन ठेवायचा, चारी बाजूंनी पाकिटासारखं मिटवायचं, लाटायचं, घडी घालायची, थंड खोलीत निजवायचं, काढून पुन्हा लाटायचं, पुन्हा घडी. बटर वितळता कामा नये आणि तुटताही कामा नये; पिठाच्या आणि बटरच्या थरांनी एकमेकांना ओळख द्यायची पण मिसळायचं नाही. मग भट्टीत गेलं की पदर सुटतात. पुस्तकाची पानं वाऱ्यावर उघडावीत तसे सुटतात, आणि सकाळी काचेपलीकडे माणसं उभी राहतात. यात अक्कल थोडी आणि हात जास्त, असं मालक म्हणायचे. नवरा गेला तेव्हा मुलगी कडेवर होती, आणि या ओट्यापाशी उभं राहायला मिळालं ते एवढ्याच गुणावर की थंडीत लोकांनी जिचा हात चुकवावा, अशी ती बाई होती. बेकरीत तिचं नावच 'गारहाती' पडलं. लहानपणी चुलतबहिणी तिचा हात मानेला लागला की किंचाळायच्या. "मेली मेल्याहून गार," असं एक मामी म्हणाली होती. तोच दोष पुढे पदरात भाकरी घालून गेला. देव कुणाला काय देतो आणि कशासाठी देतो, त्याचं त्यालाच ठाऊक.

आणि मग एका सकाळी ओट्याशी उभी असताना छातीच्या मध्ये कुठंतरी एक ठिणगी पडली आणि वर चढली. गळा, हनुवटी, कान. कुणीतरी आतून भट्टीचं दार उघडावं तसं. तिनं मागं वळून पाहिलं, भट्टीचं दार खरंच उघडं आहे का म्हणून. ते बंद होतं. पुन्हा खाली बघते तो बटर बोटांखाली चकचकायला लागलं होतं, पिठातून पिवळा डाग वर आला होता, आणि तिच्या हाताचे पाची ठसे त्या पोळीवर उठले होते. तिनं घाईनं घडी घातली. झाकलं की झाकलं जातं असं तिला वाटलं. भट्टीतून तो ट्रे बाहेर आला तेव्हा भट्टीवाल्यानं एक तुकडा उचलून टेबलावर आपटला. "हे काय गारहाती, पुठ्ठा का? खोकी बांधायला घेऊ?" सगळे हसले. तिच्याशेजारी केकवर क्रीम चढवणारी होती, तिच्याच वयाची, जिभेला हाड नसलेली. ती हसली नाही. तिनं हळूच येऊन तिचा हात धरला आणि लगेच सोडला. "अगं, इस्त्री आहे का काय! ताप आहे?" "नाही गं. पित्त असेल," ती म्हणाली. "असेलच," क्रीमवाली म्हणाली, "रिकाम्या पोटी बटर चाखतेस. थंड दूध घे."

पित्त. तिच्या घरात, बेकरीत, सगळीकडे हा एकच शब्द सगळ्या दुखण्यांवर पांघरुणासारखा घातलेला. डोकं चढलं तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तर पित्त, मालक ओरडले तर त्यांचं पित्त खवळलं, आणि बाईमाणसाला जे सांगता येत नाही तेही पित्तच. पदर येतो तेव्हा निदान बायका कुजबुजतात तरी. तिला आला तेव्हा काकू ओसरीतून आत येत म्हणाली होती, "पोरीला पदर आला गं," आणि आतल्या सगळ्या जणी हसल्या होत्या, आणि ती कितीतरी दिवस अंगावर शोधत राहिली होती की कुठून आला. येताना पदर येतो. जाताना मात्र नुसतीच 'गेली' म्हणतात, वीज गेली म्हणावं तसं. पुस्तकात रजोनिवृत्ती म्हणतात म्हणे. तो शब्द तिला पेन्शनच्या कचेरीतला वाटायचा. खिडकीपाशी उभं राहून सही करावी आणि पुढची बाई आत यावी. तिनं आपल्यापुरतं त्या ठिणगीला 'वाफ' म्हणायला सुरुवात केली. वाफ आली, वाफ गेली. जावयाच्या घरात राहून हे कुणाला सांगायचं? तिनं खिडकी उघडली की जावई मफलर गुंडाळून म्हणायचे, "आई, आपण घरात राहतो की तुमच्या थंड खोलीत?" आणि मुलगी म्हणायची, "राहू दे रे, सवय आहे तिला." ते उठून निमूट खिडकी लावायचे, आणि ते झोपायला गेले की ती उठून निमूट उघडायची. कुणी कुणाला काही बोललं नाही. चांगल्या घरांत असंच असतं.

पण वाफेनं तिची सगळ्यांत मोठी फजिती केली ती बेकरीमागच्या सभागृहात, कीर्तनाला. कामावरून सुटून ती तिथं जाऊन बसायची. पेटीचा पहिला सूर निघाला की दिवसभरचं उभं राहिलेपण पोटऱ्यांतून उतरून जायचं. बुवा रंगात आले होते. भक्त देवाच्या दारी आला आणि त्याला बोलवेना, असा प्रसंग होता. नेमकी तेव्हा वाफ आली. चेहरा पेटला, कपाळावरून घाम ओघळला, डोळ्यांत पाणी उभं राहिलं, हात थरथरायला लागले. पदरानं वारा घ्यावा तर सगळे बघतील, म्हणून ती डोळे मिटून गच्च बसून राहिली. आणि बुवांनी चाल थांबवली. "बघा," ते म्हणाले, आवाज भरून आला होता त्यांचा, "स्वेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू! ग्रंथात वाचतो आपण सात्त्विक भाव. ही माऊली बघा. आम्ही नुसते गातो हो, पोचतात या." सगळी बैठक वळली. कुणीतरी म्हातारी पुढे सरून तिच्या पायांना हात लावून गेली. ती कशी नाही म्हणणार होती? भर कीर्तनात उभं राहून सांगायचं, की बुवा, हा भाव नव्हे, माझी पाळी गेली आहे? तिनं मान खाली घातली, आणि तेही लोकांना नम्रतेसारखं दिसलं. त्यानंतर ती कीर्तनाला गेली नाही. देवानं तिला काही म्हटलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण देवाच्या नावानं मिळालेला तो खोटा नमस्कार तिला रोज पायांवर जाणवायचा, ओल्या पिठासारखा चिकटलेला. आणि आज पुन्हा तेच. आमच्या आईंना गोळी वर्ज्य. पुन्हा कुणीतरी तिला देव्हाऱ्यात बसवलं, आणि ती मुकाट बसली.

गोळ्या होत्या. पुठ्ठ्याच्या ट्रेंची संख्या वाढायला लागली आणि मालकांनी फार हळुवारपणे, तिच्याकडे न बघता, "काही दिवस बिस्किटांच्या टेबलावर बसता का?" असं विचारलं, त्याच आठवड्यात ती दोन वस्त्या ओलांडून एका बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून लांब. त्या बाईंनी सगळं नीट विचारलं, तपासलं, आणि शेवटी म्हणाल्या, "पित्ताशयाचं काही दुखणं आहे? खडे वगैरे?" "छे," ती म्हणाली. आणि ते तिला खोटं वाटलंच नाही. जेवण जड झालं की बरगडीखाली कळ यायची, पाठीत खांद्याच्या पात्यापर्यंत चमक जायची, पण ते पित्त होतं. पित्ताशय वेगळं. पित्ताशय हे डॉक्टरांच्या भिंतीवरच्या चित्रात हिरव्या रंगानं काढलेलं असतं, मोठ्या लोकांना असतं, त्याचं ऑपरेशन असतं. आपल्याला नुसतं पित्त. एका 'आशया'नं तिचा घात केला, आणि तो तिनं आपणहून करून घेतला. "तीन महिन्यांनी दाखवायला या, न चुकता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ती गेली नाही. लांबच्या औषधवाल्याला रिकामं पाकीट दाखवलं की तो देत गेला. एकदा त्यानं पाकिटाकडे बघितलं, मग तिच्या मोकळ्या गळ्याकडे, आणि मग उगीचच दुसरीकडे. नवरा जाऊन एवढी वर्षं झाली, आता हिला या कशाला, असं तो म्हणाला नाही. तिनंच ते ऐकलं. घरी पिठाचे गोल काढायच्या कड्यांचा डबा होता, एकात एक बसणाऱ्या. सगळ्यांत धाकट्या कडीच्या पोटात ती पाकीट ठेवायची. आणि हात गार झाले. खरंच झाले! वाफा कमी झाल्या, पदर सुटायला लागले, भट्टीवाला म्हणाला, "आली गं बाई आमची गारहाती," आणि ती पुन्हा ओट्याशी उभी राहिली. तो आनंद इतका खरा होता की त्याला चोरीचा म्हणायला तिचं मन अजून तयार नव्हतं.

कळ मात्र वाढत गेली. वाफ गेली तशी कळ आली, जणू घराची चावी एकीनं दुसरीच्या हातात दिली. तिला वाटायचं, आपल्या अंगात या दोघी जावा नांदताहेत. एक दारं आपटणारी, तोंडाळ, आली की साऱ्या घराला कळणारी. आणि दुसरी कोपऱ्यात बसून बोलत काही नाही, नुसते खडे साठवते. दोघींचं आपसांत काय आहे ते घरच्या माणसालाही कळत नाही. परवा कोपऱ्यातलीनं तोंड उघडलं. ओट्यावर ओणवी असताना कळ आली ती थांबेचना, उलटी झाली, क्रीमवालीनं तिला पिठाच्या पोत्यावर बसवलं आणि घरी फोन केला. जावई धावत आले, एका पायात सपात आणि एका पायात बूट. "अंगावर काढलंत ना आई?" एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला तेव्हाही वाटलं होतं.

"पाणी देऊ?" जावयांनी विचारलं. यंत्रातून त्यांनी पेला भरून आणला, आधी स्वतःच्या बोटांनी पाहिलं फार गार नाही ना, आणि मग तिच्या हातात दिला. तिला एकदम रडू आवरेना झालं, म्हणून ती पाणी प्यायली. सांगावं का? सांगितलं तर गोळ्या जातील. गोळ्या गेल्या तर वाफ येईल, वाफ आली तर ओटा जाईल, आणि ओट्याशिवाय आपण जावयाच्या घरातली एक म्हातारी होऊ. नाही सांगितलं तर? टेबलावर निजवतील, भूल देतील, पोट उघडतील, आणि आपल्या रक्तात काय आहे ते त्यांना ठाऊक नसेल. मेली तर मेली. पण मेल्यावर मुलगी कड्यांचा डबा उघडेल. एकातून एक कडी काढत जाईल, आणि शेवटच्या कडीत तिला आपली आई सापडेल, जी तिला कधी माहीतच नव्हती. हा विचार आला आणि तिला मरणाची नाही, त्या शेवटच्या कडीची भीती वाटली. आजच सकाळी तिथं बोट घालून तिनं गोळी काढली होती. नेमकी आज. पोट तपासायला निघाली असताना, जावई खाली गाडी पुसत असताना, तिनं पाठ फिरवून ती गिळली होती. चोरून साखर खाणाऱ्या मुलीसारखी, या वयात.

"या काकू," नर्सनं दारातून हाक मारली.

आत डॉक्टर आता मोकळ्या आवाजात बोलत होते. येत्या सोमवारी करून टाकू, छोटी भोकं पाडतात, दुसऱ्या दिवशी घरी. जावई मान डोलावत होते, मध्येच म्हणाले, "आईंचं एक बरं आहे डॉक्टर, औषधपाणी नाही, हट्ट नाही. देवमाणूस." आणि त्या शब्दाबरोबर वाफ आली. किती महिन्यांनी आली! छातीतून निघाली, गळ्याला लागली, कानांत शिरली. ती वाफ होती की लाज, ते तिचं तिलाही वेगळं काढता येईना. दोघींचा रंग एकच. डॉक्टरांनी वर पाहिलं. "घाबरलात का ताई? चेहरा एकदम लाल झालाय."

"नाही हो," जावई म्हणाले, "पित्त असेल."

"पित्त नाही," ती म्हणाली. आवाज कुणाचा आहे हे तिला क्षणभर कळलं नाही. "माझी पाळी गेली. म्हणजे केव्हाच गेली. अंगातून वाफा येतात, म्हणून मी गोळ्या घेते. हार्मोनच्या. वर्ष होऊन गेलं. आज सकाळीपण घेतली. मघाशी मान हलवली ती… मी हलवली. खोटी हलवली."

भिंतीवरच्या चित्रात ती हिरवी पिशवी यकृताखाली लपून बसली होती. तिनं जावयांकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलंच. त्यांचे कान लाल झाले होते. मफलराच्या वर, अगदी पाळ्यांपर्यंत. ते अर्धवट उठले. "मी… मी बाहेर थांबतो आई, तुम्ही बोला."

"बसा," ती म्हणाली. "तुमच्यासमोर लपवलं. तुमच्यासमोरच सांगते."

ते बसले. तिची पिशवी पुन्हा मांडीवर घेतली आणि तिचे बंद नीट जुळवत राहिले.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "बरं झालं बोललात. या गोळ्या पोटातून घेतल्या की पित्त दाट होतं, खड्यांची शक्यता वाढते. तुमचे त्यांच्यामुळेच झाले असं मी म्हणणार नाही, या वयात तसेही होतात. वाफांचंच खड्यांशी काही नातं आहे का, ते तर आम्हालाही अजून नीट माहीत नाही. पण ऑपरेशनला रक्ताच्या गुठळीचा विचार करावा लागतो, त्यामुळे हे कळायलाच हवं होतं. सोमवार राहू द्या. आधी तुमच्या त्या डॉक्टरीणबाईंशी बोलतो." मग म्हणाले, "लपवण्यासारखं काय होतं यात ताई?" यात लपवण्यासारखं काय होतं हे सांगायचं तर काकूच्या ओसरीपासून सुरुवात करावी लागली असती.

आणि मग जावयांनी विचारलं. पिशवीकडेच बघत, परीक्षेतला अवघड प्रश्न वाचावा तसं सावकाश. "डॉक्टर, गोळ्या थांबल्या तर मग… ते परत सुरू होईल ना? वाफांचं? कारण आईंचं काम हातांचं आहे. बटरचं. हात गार लागतात त्यांना."

तिनं खाली पाहिलं. म्हणजे यांना ठाऊक होतं, हातांवर काय उभं आहे ते. तिला वाटायचं ते नुसती थट्टा करतात.

"त्वचेवर लावायची पट्टी असते," डॉक्टर म्हणाले, "ती पित्ताला एवढी लागत नाही. ते त्या बाई ठरवतील. वचन नाही देत, पण वाट आहे."

पायऱ्या उतरून दोघं गाडीपाशी आली. गाडीत ती मागं बसायची, आज जावयांनी पुढचं दार उघडलं. बाहेर चांगलीच थंडी होती. समोरच्या काचेच्या कडांवर धुकं धरलं होतं. लाज गेली नव्हती. ती मांडीवर तशीच बसली होती, जड, पण आता तिला तोंड होतं. आता घरी जाऊन मुलीला सांगायचं, डबा उघडून दाखवायचा. जमलं तर कधीतरी बुवांनाही. या विचारासरशी पुन्हा गळ्यापाशी ऊब जमायला लागली, आणि तिनं नकळत पदराचं टोक उचललं, मग खाली ठेवलं.

जावयांनी ते पाहिलं की नाही, सांगता येणार नाही. गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी हात लांब करून तिच्या बाजूची काच खाली घेतली. मग स्वतःच्या बाजूचीही घेतली. वारा दोन्हीकडून आत आला, धारदार, ओल्या मातीचा वास असलेला. त्यांनी मफलर कानांवरून फिरवून हनुवटीखाली गाठ मारली आणि समोर रस्त्याकडे बघतच विचारलं,

"आई, आणखी खाली करू?"